तळ्याकाठची पाटी

आमचा वाशीमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी अनसिंगच्या बाजूला माझ्याच गावात आरोग्य खात्याचा स्वच्छता निरीक्षक होतो. उन्हाळ्यात सगळा गाव तळ्यावर आंघोळीला उतरायचा. वरच्या अंगाला जनावरं बसत, गावाचा नालाही तिथेच मिळे. पोहणाऱ्या पोरांना खरूज आणि हगवण लागली, तेव्हा मी पाण्याचा नमुना एसटीने प्रयोगशाळेत पाठवला.

अहवाल यायला महिना लागला. पाणी आंघोळीलाही वाईट निघालं. पाटीचा मजकूर वरच्या कार्यालयाने ठरवून दिला: 'सदर जलाशयातील पाणी दूषित असल्याने स्नानास अयोग्य आहे.' गावातल्या मुसलमान पेंटरचाचांनी तो रंगवता रंगवता विचारलं, "साहेब, हे वाचीन कोन?"

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी त्या पाटीवर लुगडं वाळत घालत होती. मी तिला मजकूर वाचून दाखवला.

"पान्यात उतरू नोका म्हनता काय? मंग तसं लिवा ना."

मी खाली खडूने तसं लिहिलं. मंजूर मजकुरात परस्पर बदल केला म्हणून मला लेखी जाब द्यावा लागला.

पावसाळ्यात तळं भरून वाहिलं. पुढचा नमुना चांगला आला. पाटी काढायची परवानगी मी तीनदा मागितली. उत्तर आलं नाही. लोक हिवाळाभर त्या पाटीखाली आंघोळी करत राहिले. कोणाला काही झालं नाही. मला बघून ते हसत आणि मला मान खाली घालावी लागे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं, हिरवं पडलं. मी घरोघर सांगत फिरलो. चावडीवर एक शेतकरी बाकीच्यांना म्हणाला, "याच्या बापाले आमच्या घाटावर उतरू देत नोव्हते. आता हा आमाले उतरू देऊन नाई राह्यला."

सगळे हसले. खोटं नव्हतं ते. आम्ही बौद्ध झालो त्यालाही बरीच वर्षं लोटली होती, तरी वडील शेवटपर्यंत तळ्याच्या खालच्या टोकालाच उतरले. "पाणी सगळ्यांनाच खराब आहे," एवढंच बोलून मी निघालो.

आठवड्याभरात हगवण सुरू झाली. तोच शेतकरी आपल्या मुलीला बैलगाडीतून आरोग्य केंद्रात घेऊन आला. सलाईन लावल्यावर तिने डोळे उघडले. तो भिंतीला टेकून उभा होता. मग म्हणाला, "पाटी तं सालभर हायेच. पानी कधी खराब झालं, हे आमाले कसं कयनार?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो माझाच आणि त्या पाटीचा.

दुसऱ्या दिवशी मी पाटी उपटली आणि तिथे एक काळा फळा टांगला. परवानगी घेतली नाही, म्हणून पुन्हा जाब द्यावा लागला. पण लोक आता जाता-येता थांबून विचारू लागले, "आज काय लिवलं?"

नमुन्याचा निकाल मात्र महिन्यानेच येई. म्हणून बहुतेक दिवस मी एवढंच लिहायचो: 'अहवाल आला नाही. तोवर उतरू नका.'