स्नायू शिकवायची जागा

तुमची आई परदेशात का गेली, असं तुम्ही दोघांनी मागे फोनवर मला विचारलंत, तेव्हा तिनेच मध्ये हसून विषय बदलला. म्हणून मी लिहिते आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्राची विभागप्रमुख होते. स्नायूंचा भाग शिकवणारे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेची जाहिरात निघाली. तुमच्या आईचं संशोधन नेमकं त्याच विषयातलं. पुण्याच्या वसतिगृहातलं सगळं सामान घेऊन ती घरी परतली होती, आणि तिला इथंच राहायचं होतं. तिने अर्ज केला. मी त्याच दिवशी प्राचार्यांना लिहून दिलं की उमेदवार माझी मुलगी आहे, निवड समितीत मी बसणार नाही.

आमच्याकडे मुलाखतीआधी उमेदवाराला खऱ्या वर्गावर शिकवून दाखवावं लागे. समिती मागच्या बाकावर बसे. तुमच्या आईने एका विद्यार्थ्याच्या बोटाला दोरी बांधून वजन ओढायला लावलं. बोट थकलं, थांबलं. मग तिने वर्गाला सांगितलं, आता याला ओरडून धीर द्या. थकलेलं बोट पुन्हा वजन उचलू लागलं. शेजारच्या खोलीत मी उत्तरपत्रिका तपासत होते. भिंतीपलीकडचा तो गलका ऐकून मला वाटलं, मिळाली जागा.

मुलाखतीत प्राचार्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, तोही अगदी मायेने. "तू आमच्या घरचीच. पण उद्या लग्न झालं, सासर इंदूरचं निघालं, म्हणजे आम्ही परत जाहिरात काढायची का?"

ती म्हणाली, "सर, आधी नोकरी द्या. मग मुलगा नाशिकचाच बघते."

सगळे खूप हसले, असं तिने घरी येऊन आनंदाने सांगितलं. तुमचे आजोबाही हसले. मी ताटं वाढायला उठले. त्या खोलीत मी अनेक मुलींच्या मुलाखती घेतल्या होत्या. निर्णय झालेला असला, की समिती अशीच मोकळेपणाने हसते.

जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याचं इंदिरानगरला स्वतःचं घर होतं, बायको जवळच्याच शाळेत शिकवत होती. "हा टिकेल, मॅडम," प्राचार्य मला म्हणाले. पहिल्या दिवशी त्याला प्रयोगशाळा मीच दाखवली.

तो टिकला. शिकवायचाही चांगलं. त्या दिवाळीला तो बायकोला घेऊन आमच्याकडे फराळाला आला, आणि तेवढा वेळ तुमची आई आतल्या खोलीत बसून राहिली. तो वाईट निघाला असता, तर निदान रागावायला कुणीतरी मिळालं असतं.

तिने आणखी दोन शहरांत मुलाखती दिल्या. प्रश्न तोच आला. तिथे तिने विनोद केला नाही, सरळ उत्तर दिलं, आणि निकाल तोच लागला. मग तिने बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज केले आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत ती गेली.

तिथे रुजू झाल्यावर तिचा फोन आला. पगार, खोली, थंडी, सगळं सांगून झालं. लग्नाचं इथं कुणी विचारलंच नाही, असं ती म्हणाली. आवाजात किती दिवसांनी हसू होतं. आजोबांनी फोन ठेवला आणि हात तसाच त्यावर राहू दिला.

"म्हणजे ती आता परत येत नाही," ते म्हणाले.