पोट सोडल्यावर माप

लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर खोगीर शिवणाऱ्या एका कारागिराने मोटारीच्या दोन स्टेपन्यांमधली हवा सोडली आणि मग खोळींसाठी माप घेतले. हवा चुकून सुटली नव्हती. त्यांनी ती मुद्दाम सोडली होती.

कारण त्यांच्या धंद्यात होते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळायला घेतला की घोडे श्वास भरून पोट फुगवते. तेव्हाच पट्टा बांधला तर घटकाभराने तो सैल पडतो आणि खोगीर स्वारासकट फिरते. म्हणून हे कारागीर, सगळे त्यांना काका म्हणत, आधी घोड्याची मान थोपटत उभे राहत. गिऱ्हाइकाला म्हणत, "थांबा ना बापा. पह्यले पोट सोडू द्या." घोड्याने श्वास सोडला की सुतळी फिरवून गाठ मारत. टेप त्यांच्याकडे नव्हती. चाळीस वर्षे गाठीच्या सुतळीवर काम चालले होते.

तुम्ही त्या काळी मलकापूरला उतरला असाल, तर स्टेशनाबाहेरची टांग्यांची रांग पाहिली असेल. त्यातल्या निम्म्या घोड्यांचा साज त्यांच्या हातचा होता. पण मोटरबसगाड्या आल्या आणि रांग आखूड होत गेली. उरलेले टांगेवाले जुनाच साज सांधून घेत. मी दुकानासमोरच्या माडीवर राहत होतो आणि एका साप्ताहिकाला कापसाच्या बाजाराच्या बातम्या पाठवत होतो. त्या वर्षात एकही नवे खोगीर शिवायला आले नाही, हे मला रोज समोर दिसत होते. काकांनी कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाले, "मोटारीनं घोडं खाल्लं. आता तिनंच मले खाऊ घालाव."

मोटार वडनेर भोलजीच्या एका पाटलांची होती. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा ती गोठ्याच्या कडेला उभी केली होती. उंदरांनी वरचा कापडी टप खाल्ला. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. आता ती पहिल्यासारखी करायची, असे पाटलांनी ठरवले. काकांच्या शेजारच्या मिस्त्रीने इंजिन चालू केले. हा तरुण मुंबईच्या गॅरेजात शिकून आला होता. रंगही झाला. पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या खाचेत एकेक स्टेपनी उभी राहत असे. त्यांच्यावरच्या काळ्या खोळी कुजून गेल्या होत्या.

काका स्वतः पाटलांपुढे जाऊन उभे राहिले. "खोळी म्या शिवतो."

"तुमी खोगीरवाले, काका. हे मोटारीचं काम हाय."

"मंग? गोल पोटच हाय ना हे बी?"

पाटील हसले, पण अट घातली. दोन्ही खोळी सुरकुती न पडता बसल्या, तर टप आणि सीटा काकांच्या. नाहीतर सगळेच काम मुंबईला जाईल. काळे मेणकापड पाटलांनी दिले. ते दोन खोळींपुरतेच होते आणि त्या दिवसांत दुसरे मिळत नव्हते.

शनिवारी खोळी चढवायच्या होत्या. मिस्त्रीने स्टेपन्यांत हवा भरली. पाटील आले, टांगेवाले जमले. पहिली खोळ अर्ध्यापर्यंत नीट गेली. पुढे मागच्या बाजूच्या कडा एकमेकींपर्यंत पोचेनात. चार बोटांची फट राहिली. काकांनी गुडघा टेकून ओढले, मिस्त्रीने दुसऱ्या बाजूने ओढले आणि शिवण उसवली.

"काका, माप कसं घेतलं होतं?" मिस्त्रीने विचारले.

"हवा सोडून."

मग एक टांगेवाला ओरडला, "अरे, याले घोड्याची चंदी बी चारा!" सगळे हसले. मिस्त्रीही हसला. पाटील हसले नाहीत. "गुरुवारी मी बुलढाण्याले कचेरीत जातो. शुक्रवारी परत येताना पाहीन. नाई जमलं त राहू द्या, मुंबईले कळवतो."

गर्दी पांगल्यावर मिस्त्री काकांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. हसल्याचे त्याला वाईट वाटत असावे. हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू? स्टेपनीतली हवाच कमी ठेवू. खोळ मस्त बसते. पाटलाले काय समजते?"

काका उसवलेली शिवण आरीने मोकळी करत होते. "अन् घाटात चाक बसलं त?"

"रोज थोडीच बसते, काका."

"एकदाच बसते बे. मंग काय खोळ लावून घाट चढाव त्यानं?"

मिस्त्रीने उसवलेल्या शिवणीचे दुसरे टोक धरले.

रविवारपासून काकांनी नव्याने मापे घेतली. स्टेपन्या हवा भरून मिस्त्रीच्या दारात ठेवल्या. सकाळी सुतळी फिरवून एक गाठ, दुपारी उन्हात एक, दिवस मावळताना एक. तीन दिवस त्यांनी हेच केले. सकाळची गाठ आणि दुपारची गाठ जुळत नव्हती. फरक गव्हाच्या दाण्याएवढा होता. त्यांनी मला माडीवरून खाली बोलावून तो दाखवला.

"पाह्यलं? दुपारी हे बी पोट फुगवते."

मेणकापड वाढणार नव्हते. काकांनी दुकानातला एक जुना घोड्याचा पट्टा काढला, तेल लावून मऊ केला आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. दोन्ही खोळींच्या कडेला एकेक पट्टी जोडली. उघड्या दोन कडांना भोके पाडून चामड्याची वादी ओवली, म्हणजे खोळ मागून आवळता येईल. उसवली होती ती एकच खोळ. मिस्त्री म्हणाला, दुसरी आहे तशीच ओढून बसवून पाहू. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि दुसरीही उसवली. बुधवार आणि गुरुवार ते दुकानाबाहेर आले नाहीत. जेवण घरून आले, त्यातली भाकरी त्यांनी आरी खाली न ठेवता खाल्ली.

शुक्रवारी पाटील सकाळीच परतले. मिस्त्री खोळी चढवायला निघाला. काकांनी त्याला थांबवले. "आता नाई. दुपारी."

पाटील चिडले. "काऊन? मले वडनेरले जायाचं हाय."

"सकाळी कोणतीबी खोळ बसते, पाटील. दुपारी बसली त खरी."

पाटील मिस्त्रीच्या बाकावर बसून राहिले. दोन वाजता, रस्त्यावर माणूस नसताना, काकांनी पहिली खोळ चढवली. वादी एकेका भोकातून ओढत गेले. मध्ये एकदा थांबले, तळवा खोळीवर ठेवला, पुन्हा ओढले. मग दुसरी. पाटलांनी उठून काळे कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही आले नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केले.

"ही चामड्याची पट्टी पह्यले नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती," काका म्हणाले. "मायी चूक झाकाले लावली."

पाटील मोटारीभोवती एक फेरी मारून आले. "टपाचं माप कवा घेता?"

"उघडून घेऊ का मिटून, ते पह्यले मिस्त्रीले इचारतो."

टप आणि सीटा काकांनी महिनाभरात पुऱ्या केल्या. पाऊस सुरू व्हायच्या आत आणखी दोन मोटारींचे टप त्यांच्याकडे आले. दसऱ्यानंतर अकोल्याहून एक माणूस आला. तिथे मोटरबसगाड्यांचे सांगाडे बांधण्याचा कारखाना निघाला होता आणि सीटांसाठी कारागीर हवा होता. काकांनी दुकान बंद केले, आऱ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि दुपारच्या गाडीने गेले. स्टेशनावर मिस्त्री पोचवायला आला होता. मीही होतो. "येतो मंग," एवढेच ते म्हणाले.

पुढे कापसाच्या एका बातमीसाठी अकोल्याला गेलो, तेव्हा त्या कारखान्यात चौकशी केली. मुकादमाने सांगितले की काका होळीच्या आधी तापाने वारले. त्यांचे शेवटचे काम एका बसच्या सीटांचे होते. ती बस मलकापूर ते बुलढाणा चालते, असे तो म्हणाला. मी परत आल्यावर खात्री करून घेतली आणि तिच्यातून बुलढाण्याला गेलो. सीटा चोवीस आहेत. त्या दिवशी सगळ्या भरलेल्या होत्या.