काशीला सोडलेला जाम

फडकं सैल बांधायचं, एवढीच त्या पदार्थातली खरी गोम. घट्ट बांधलं की पीठ फुगायला जागा राहत नाही आणि वळकटी आतून कच्ची राहते. हे मला ज्या बाईनं शिकवलं, ती वेस्ट इंडीजच्या कुठल्याशा बेटावरून आमच्या जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स म्हणून आली होती. मी तिथं कंपाउंडर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. नाताळात तिनं आम्हा सगळ्या नोकरांना हे पक्वान्न करून घातलं. पेरूचा गर मैद्याच्या पोळीवर पसरायचा, पोळीची वळकटी करायची, ती फडक्यात गुंडाळून वाफेवर शिजवायची आणि गरम गरम कापून वर लोणी-साखरेचा रस ओतायचा. तिच्या मुलखात त्या रसात अंडं पडतं आणि दारूही, असं तिनं हसत हसत सांगितलं. दारू दवाखान्यात नव्हती. अंडं होतं, आणि ते मी खाल्लं. घरी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण आज सांगायचं आहे ते वेगळंच.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. त्यामुळं एक गोष्ट पोटात ठेवून मी त्या वर्षी थंडीपासून दिवाळीपर्यंत हिंडलो. आता ती पोटात नाही, म्हणून लिहायला हात चालतो आहे.

तर त्या नाताळात पहिला घास घेतला आणि मला माय आठवली. तिचे दात गेले होते. भाकर दुधात कुस्करून खायची. नर्सबाईनं पेरूच्या बिया चाळणीतून काढून टाकल्या होत्या, नुसता मऊ गर राहिला होता. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. लहानपणी मी मायला जाम खाताना कितीदा तरी पाहिलं होतं. कच्चापक्का कसाही असो, मीठ लावून, बियांसकट. पुढं मी शिकायला बाहेरगावी गेलो, मग नोकरीला लागलो. सणावारी घरी यायचो तेव्हा घरात जाम असायचे, पण माय हात लावताना दिसायची नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, दातांमुळं. तिला एकदाही विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती मला.

थंडीत रजा काढून गावी गेलो. आमचं गाव बीबी या बाजारगावाच्या अलीकडं. बीबीच्या बाजारातून चांगले पिकलेले जाम घेतले, दुकानातून मैदा घेतला, आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, आज चुलीपाशी मी बसतो.

ती म्हणाली, "तब्येत बरी हाये ना तुमची?"

"बरी आहे."

"मंग दवाखान्यात काय आता चुलीचं बी शिकवून राह्यले?"

मी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी ठेवलं. आत तुराट्यांच्या काड्या आडव्या-उभ्या रचल्या आणि वळकटी त्यांच्यावर ठेवली. काड्या पाहिल्यावर तिला एकदम ओळख पटली. "हे तं आपल्या फुनक्यासारखं हाये! येवढं शिकाले नाताळापावतर थांबले व्हय?" तिचं बरोबरच होतं. आमच्याकडे डाळीचे मुटके असेच काड्यांवर वाफवतात, फुनके म्हणतात त्याला. समुद्रापलीकडचं पक्वान्न आणि आमचा रोजचा फुनका, भांडं एकच. फडकं म्हणून मी जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा घेतला. बाईनं सांगितलं होतं तसा सैल बांधला.

माय अंगणात उन्हाला बसून सुपात तूर निवडत होती. तिथूनच ओरडली, "काय करून राह्यला बे तू?"

"मिशनातलं पक्वान्न."

"त्यात कायबाय तं नाही ना?"

"नाही वो माय. अंडं नाही, काही नाही."

"मंग कायचं हाये?"

आता एवढ्यावर सरळ सांगायचं, जामाचं आहे म्हणून. पण आयुष्यात पहिल्यांदाच मला थट्टा सुचली. मी म्हटलं, "खाऊन ओळख."

तासाभरानं वळकटी उकलली. चांगली फुगली होती. कापली तेव्हा आतून गुलाबी गोल निघाले. मी जायफळ किसून रस केला होता. मायच्या ताटलीत दोन गोल ठेवून रस ओतला आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिनं ताटली नाकापाशी नेली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग एक तुकडा तोंडात घातला, हिरड्यांनी हळूहळू चावला. मग दुसरा. ताटली पुसून खाल्ली.

"ओळख कशाचं ते."

"गोड हाये," ती म्हणाली, आणि पुन्हा तुरीचं सूप हातात घेतलं.

मला वाटलं, झालं, जिंकलो.

दुपारी आत्या आली. माझ्या वडिलांची बहीण, शेजारच्याच घरात राहायची, आणि बातमी तिच्या आधी कधी गावात पोचली असं झालं नाही. माय तेव्हा देवखोलीत जाऊन बसली होती. आत्यानं ओसरीत एक गोल खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली, "जामाचं हाये ना रे?"

"हो."

"वयनीनं खाल्लं?"

"दोन खाल्ले."

आत्याचा हात तोंडावर गेला. माझं बखोट धरून तिनं मला गोठ्यापर्यंत नेलं. "अरे बाप्पा! जाम तं तिनं काशीले सोडला. तुह्यासाठी!"

काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ किंवा भाजी तिथं सोडून यायची, पुन्हा जन्मात खायची नाही, हे मला ठाऊक होतं. माय मलकापूरहून रेल्वेत बसून गावच्या बायकांबरोबर काशीला जाऊन आली, हेही ठाऊक होतं. पण तिनं काय सोडलं आणि कशासाठी, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. आत्या सांगू लागली. शाळेत असताना मला मुदतीचा ताप आला होता. जगतो की नाही अशी अवस्था. तेव्हा मायनं नवस बोलला होता, पोरगं उठून बसू दे, काशीला जाऊन जाम सोडीन.

"आन मले काऊन नाही सांगतलं कोणी?"

"ज्याच्यासाठी सोडलं त्याले सांगत नसतात. सांगतलं की नेम मोडला."

"आत्या, तिला कळलेलं नाही ते कशाचं होतं. तिला सांगू नको."

"माह्या पोटात काही राहत नाही, तुले मालूम हाये."

"हे ठेव."

"ठेवतो बाप्पा," ती म्हणाली. आणि आश्चर्य म्हणजे तिनं ठेवलं.

ठेवायला जड गेलं ते मला. मी ताप मोजणारा माणूस. मुदतीचा ताप कसा चढतो, कसा उतरतो, हे मी रोज बघायचो. एका फळानं माझं काही बिघडेल असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं वाटत होतं. पुढच्या महिन्यात साधा खोकला झाला तरी मी गुपचूप थर्मामीटर लावून पाहिलं. पण ती भीती किरकोळ. खरी भीती दुसरीच होती. मायच्या लेखी माझा जीव त्या नेमाला टांगलेला होता. इतकी वर्षं तिनं तो जपला, आणि मी थट्टेच्या भरात तिच्याच हातानं मोडायला लावला. हे तिला कळलं तर ती पुन्हा सुखानं झोपणार नाही. मी कुठं प्रवासाला निघालो, एसटीला उशीर झाला, की दारात उभी राहील. आणि सांगितलं नाही तर मी तिला फसवतो आहे. दोन्हीकडून मीच गुन्हेगार. म्हणून मी गप्प राहिलो, आणि गप्प राहणं मला जमतंच.

त्याच सुमाराला माझी बदली जळगाव जामोदला झाली. दिवाळीला गावी निघालो तेव्हा सातपुड्याच्या उतारावरची सीताफळं टोपलीभर घेतली. सीताफळ मायचं दुसरं आवडतं. नुसता गर, बिया थुंकायच्या, दातांचं काम नाही. जामाची भरपाई म्हणा हवं तर.

तिच्यासमोर टोपली ठेवली. डोळे उघडलेलं, पिकलेलं फळ निवडून तिच्या हातात दिलं. तिनं ते परत टोपलीत ठेवलं.

"मले नोको."

"काऊन? तुले तं आवडते."

"असंच."

"गोड आहेत वो माय. एक तरी खा."

"नोको म्हटलं ना."

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आत्यानं सांगितलं. मायला कळलं, आणि आता ती आपल्यालाच शिक्षा करते आहे. आधी सीताफळ, मग आणखी काय काय सोडील कोण जाणे. मग मात्र माझ्यानं राहवेना. दिवेलागण झाली होती, बायको गोठ्याकडं गेली होती. मी मायसमोर बसलो आणि एका दमात सगळं ओकलो. ते पक्वान्न जामाचं होतं. तुझा नेम मला माहीत नव्हता. मोडला तो मी मोडला. काय व्हायचं ते मला होऊ दे, तू मनाला लावून घेऊ नको.

एवढं लांब बोलणं तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलं नसेल. ती ऐकत होती, आणि तिच्या तोंडाच्या सुरकुत्या हलायला लागल्या. आधी मला वाटलं, रडते आहे.

"मेल्या," ती म्हणाली, "मले दात नाहीत. नाक तं हाये ना?"

"म्हणजे?"

"घरभर वास सुटला व्हता जामाचा. वाड्यातल्या म्हशीले बी कळला असन. आन तू म्हणते, खाऊन ओळख!"

"मंग खाल्लं काऊन?"

"तर काय करू? तू जन्मात पयल्यांदा चुलीपाशी बसला. डोये लाल झालते धुरानं. ताटली मांगं लोटली असती तं तू इचारलं असतं, काऊन नाही खात. मंग सांगा लागलं असतं. आन तुले सांगतलं की समदंच गेलं. त्यापरीस खाल्लं. खाऊन देवापाशी जाऊन बसली. म्हटलं, बाप्पा, आज जामाचं काही जमलं नाही. त्याच्याबदली सीताफय घे."

मला ती दुपार आठवली. आत्या मला गोठ्याकडं ओढत नेत होती, तेव्हा माय देवखोलीत हीच बदली करून घेत होती.

"देवानं घेतलं?" मी विचारलं.

"तू धडधाकट बसला हायेस ना समोर? मंग घेतलंच असन."

"पण माय, आता मले सांगतलं तू. मंग नेम?"

"मी कुठं सांगतलं? तूच सांगतलं समदं. मी आयकून राह्यली व्हती." मग तिनं टोपली पायानं माझ्याकडं सरकवली. "हे घेऊन जा इथून. आन आयक, त्या मिशनवाल्या बाईपाशी सीताफयाचं काही शिकून येऊ नोको बे. नाही तं मले केयं सोडा लागीन, आन केयं उपासाले लागते."

केळ्याचं ऐकून मी हसलो. इतका मोठ्यानं, की बायको हातातला चारा तसाच घेऊन धावत आली आणि दारातच उभी राहिली. "काय झालं वो? कोण आलं?" तिला वाटलं, घरात दुसराच कुणी माणूस हसतो आहे. त्या रात्री मी ओसरीत आडवा झालो तो थेट सकाळी उन्हं अंगावर आली तेव्हाच उठलो.

थंडी पडल्यावर पुन्हा जाम आणले. या वेळी माय स्वतः चुलीपाशी येऊन बसली. काड्या मी रचल्या, तिनं त्या उचलून पुन्हा रचल्या. मी बांधलेलं फडकं बोटानं दाबून पाहिलं, गाठ सोडली आणि आणखी सैल बांधली. वळकटी मागच्यापेक्षा फुगली, हे मला कबूल करावं लागलं. ताटलीत दोन गोल वाढले आणि मी रसाची वाटी उचलली, तर तिनं ताटलीवर आडवा हात धरला.

"ते राहू दे," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली. "बाई वो, जरासं मीठ आण."