बळदातली मुलगी

माझं लहानपण नळदुर्गला हायवेच्या कडेला गेलं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टायरचं दुकान होतं आणि त्याला लागूनच चाचांचं बॅटरीचं. दोघं शाळेपासूनचे मित्र. हैदराबादकडं जाणारे ट्रक दिवसभर समोर थांबलेले असायचे. चाचांची आई, जिला आम्ही सगळे दादी म्हणायचो, दुकानामागच्या खोलीत बसून काहीतरी निवडत नाहीतर सोलत असायची. शाळा सुटली की मी आधी तिच्याकडं जायचे, कारण तिच्याकडं खायला मिळायचं. ती चाचांशी दखनीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत. ती मूळची कुठली, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. आपल्या जन्माआधीपासून जी माणसं तिथं असतात, ती तिथलीच आहेत असं आपण धरून चालतो.

माहितीपटांकडं मी आडवाटेनं आले. सोलापुरात कॉलेजला असताना लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडं एडिटिंग शिकले. मग पुण्यात एका दिग्दर्शकाकडं साहाय्यक म्हणून लागले. आम्ही किल्ले, बारवा, जुनी देवळं शूट करायचो. चौकटीत माणूस आला की थांबायचं, तो गेला की पुन्हा सुरू, अशी पद्धत होती. परंड्याच्या किल्ल्यात एक बाई तोफेच्या सावलीला शेळ्या घेऊन बसली होती. सरांनी मला तिला उठवायला पाठवलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि जाताना म्हणाली, "आमी रोज हितंच बसताव." फिल्म छान झाली. तोफेवरचं नक्षीकाम अगदी स्वच्छ दिसलं. पण ती पुन्हा बघताना मला करमेना. एवढा मोठा किल्ला आणि जणू त्यात कधी कुणी राहिलंच नव्हतं, आताही राहत नव्हतं.

म्हणून स्वतःची पहिली फिल्म करायची वेळ आली तेव्हा मी दगड सोडून माणसांकडं गेले. विषय होता रझाकाराचा काळ. आमच्या भागात अजूनही तसंच म्हणतात. नळदुर्गपासून जवळच, बोरी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी एक गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबद्दल मी ऐकलं होतं. गाव त्यांना तात्या म्हणतं. ते तेव्हा लहान होते, पण त्यांचा थोरला भाऊ निजामाविरुद्धच्या लढ्यात होता. दरवर्षी सतरा सप्टेंबरला शाळेत झेंडा लागला की तात्या ती हकिगत पोरांना सांगायचे.

तीच त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर सांगितली. भाऊ हद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. रझाकार त्याला शोधत आले. तो सापडला नाही म्हणून त्यांनी कडब्याची गंजी पेटवली आणि वडिलांना वेशीत उभं करून काठ्यांनी झोडपलं. मग एक दिवस सोलापूरकडून भारताचं सैन्य आलं आणि रझाकार पळाले. तात्या बोलायचे झकास. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे वर्षानुवर्षांच्या सवयीनं पक्कं झालं होतं.

एडिटिंग मी नळदुर्गलाच करत होते. लोडशेडिंगमुळं घरची वीज जायची, पण चाचांच्या दुकानात बॅटऱ्यांवर सगळं चालू असायचं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसायचे. दादी शेजारी लसूण सोलत बसलेली. एका दुपारी पडद्यावर त्या गावची वेस आली. दादीचा हात थांबला.

"हिच्या आत डाव्या हाताला मारुती," ती म्हणाली. "आन मारुतीच्या मागं आमचं घर."

मला वाटलं, तिचा काहीतरी घोटाळा होतोय. म्हणून मी पुढचं शूटिंग लावलं. वेशीच्या आत डाव्या हाताला मारुती होता.

"दादी, तू तिथली?"

"तिथली न्हाई तर कुठली?" ती म्हणाली. "तू कधी इचारलंस?"

त्या दुपारी ती फार बोलली नाही. पण नंतर आपणहून बोलत गेली आणि एक दिवस म्हणाली, "ते तुझं मशीन लाव. मला पुन्हा पुन्हा सांगणं व्हायचं न्हाई."

तिचे वडील पिंजारी होते. गावभर फिरून गाद्या भरून द्यायचे. "माझ्या बापानं कापूस पिंजायची धनुकली सोडून हातात काठी धरली न्हाई," ती म्हणाली. सैन्य आलं, रझाकार पळाले, आणि त्यानंतर काही दिवसांनी रझाकारांचा सूड मुसलमानांवर काढायला बाहेरून एक जमाव गावात शिरला. त्याला गावातलीही काही माणसं मिळाली. त्यातल्या एकानं वडिलांना नाव घेऊन बाहेर बोलावलं. ओळखीचा आवाज, म्हणून ते गेले. आई बाळंतपणाला नळदुर्गला माहेरी आली होती. घरात ही एकटी. तेवढ्यात शेजारची एक बाई मागच्या दारानं आली आणि हिला दंडाला धरून ओढत आपल्या घरी घेऊन गेली. त्या घराच्या जाड भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं. बाईनं तिला त्या बळदात, ज्वारीवर उतरवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि वरून फळी लावली.

"ज्वारीचा वास अजून येतो नाकात," दादी म्हणाली. "बाहेर लई गलका. मी गूळ चावला न्हाई, आवाज हुईल म्हणून. नुसता तोंडात धरला." काही दिवसांनी त्याच घराच्या गाडीतून, कडब्याखाली झाकून, तिला नळदुर्गला आईकडं पोचवलं. वडील परत आले नाहीत. त्यांचं काय झालं, हे कुणी कधी सांगितलं नाही, आणि त्या गावाला ती पुन्हा गेली नाही.

"कुणाचं घर होतं ते?"

तिनं लॅपटॉपकडं बोट केलं. पडद्यावर तात्यांचा चेहरा थांबलेला होता. "ह्याचंच. भावाचं सांगितलं तवाच वळखलं. ह्याच्या आईनं वाचिवलं मला. हा तवा उंबऱ्यात बसून रडत व्हता."

मी दुसऱ्याच दिवशी तात्यांकडं गेले. दादीचं नाव सांगितलं नाही. "सैन्य आल्यानंतर गावात काय झालं?" एवढंच विचारलं.

तात्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "ते नको बाई. ज्यांनी केलं ते गेले. त्यांची लेकरं-नातवंडं हायत गावात. मला हितंच मरायचंय."

इकडं चाचांनाही कळलं. त्यांना आईची गोष्ट अर्धीमुर्धी माहीत होती, पण ती फिल्ममध्ये येणार म्हटल्यावर ते अण्णांना घेऊन माझ्याकडं आले. चाचा मला कधी रागावले नाहीत, त्या दिवशीही नाहीत. म्हणाले, "बेटा, रस्त्यावरचं दुकान आहे आपलं. रोज शंभर लोक येतात. कोण कसं घेईल, सांगता येतं का? काढून टाक." मी दादीकडं पाहिलं. ती म्हणाली, "तो म्हणतोय तर ऱ्हाऊ दे."

मी काढलं. ज्याची गोष्ट, त्याची परवानगी. हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे आणि तो पाळताना मला शंका नव्हती. फिल्म तात्यांवर संपली. सैन्य येतं, वेशीवर झेंडा लागतो. ती एक-दोन शहरांत दाखवली गेली, लोकांनी कौतुक केलं. एका ठिकाणी एका मुलीनं उठून विचारलं, "नंतर काय झालं?" मी म्हणाले, "नंतर मराठवाडा भारतात आला." उत्तर खरं होतं. ती मुलगी खाली बसली.

मग तात्यांच्या गावानं आग्रह धरला. मारुतीच्या पारासमोर मांडववाल्यानं पडदा लावला. सगळं गाव जमलं. तात्या धुवट धोतर नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर. आपल्या माणसाला पडद्यावर बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्या मारल्या. फिल्म संपली, सरपंचांनी आभार मानले आणि माइक तात्यांच्या हातात दिला. मला वाटलं, दोन शब्द बोलून बसतील.

ते उभे राहिले. "एवढी वर्षं मी बोलत आलो," ते म्हणाले. "आज पयल्यांदा माझं मला ऐकू आलं. ही अर्धीच गोष्ट हाय. हिनं मला पुढचं इचारलं व्हतं. म्याच न्हाई सांगितलं."

आणि त्यांनी सांगितलं. नावं कुणाची घेतली नाहीत. जमाव आला ते सांगितलं, पिंजाऱ्याला बाहेर बोलावलं ते सांगितलं, आईनं पोरीला बळदात लपवलं ते सांगितलं. त्यांचा नेहमीचा आवाज लागलाच नाही. मधेच अडखळत, मागचं पुढं करत ते बोलत राहिले. मागची काही माणसं उठून गेली. बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर डोळ्याला लावला. सरपंच माइक परत घ्यायला पुढं झाले आणि पुन्हा मागं सरकले. शेवटी तात्या म्हणाले, "ती पोर पुढं जगली का मेली, मला म्हाईत न्हाई."

मांडव रिकामा झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "तात्या, ती जिवंत आहे. नळदुर्गला."

ते उठून उभे राहिले. "मला ने," म्हणाले.

मी आधी चाचांना विचारलं. गावात तात्या काय बोलले, ते त्यांना सांगितलं. चाचा हातातली बॅटरी पुसत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या गावासमोर बोलले?" मी हो म्हणाले. "मग आणा त्यांना. चहा तरी पिऊ दे आपल्याकडं."

तात्या आले तेव्हा दादी खाटेवर बसली होती. ते दारातच हात जोडून उभे राहिले. "वळखलं का तुमी मला?"

"तुमी काय म्हनतो रं?" दादी म्हणाली. "मी तुझ्याहून मोठी हाय. बस."

चाचांनी खुर्ची दिली. थोडा वेळ दोघं इकडचं तिकडचं बोलले. मारुतीमागचा पिंपळ आहे का, तात्यांची आई कधी गेली, शेवटी तिला दिसत होतं का. मी कॅमेरा आणलाच नव्हता. दादीच्या लक्षात आलं. "मशीन कुठंय तुझं?" मी चाचांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी मोबाइल काढला आणि डब्याला टेकवून ठेवला. त्या चित्रात दादीच्या चेहऱ्यावर दारातला उजेड जास्त आला आहे, आणि मागं ट्रकचे हॉर्न वाजताहेत. त्याच्याइतकं मोलाचं मी पुढं काही शूट केलेलं नाही.

"माझ्या बापाचं काय केलं?" दादीनं विचारलं.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्येच सांगायला आलो. ओढ्याच्या काठाला पडले व्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या बापानं आन आमच्या गड्यानं तिथंच माती दिली. मी लांबून बघितलं. घरी येऊन बाप म्हनला, कुठं बोलायचं न्हाई."

चाचा उठून दारात जाऊन उभे राहिले. मग दादीनं एकच विचारलं, "डोकं कुनीकडं केलं व्हतं?"

"उत्तरंला," तात्या म्हणाले. "बापानं गड्याला दोनदा सांगितलं, त्यांच्यात करत्यात तसंच कर."

"मंग चांगलं केलं," दादी म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत. चाचांना हाक मारून म्हणाली, "चहा आन रे त्याला."

आम्ही पुढच्या आठवड्यात ती जागा बघायला गेलो. जागा काही सापडली नाही. ओढ्याचं खोलीकरण झालं होतं, काठ यंत्रानं सरळ केले होते आणि वर सोयाबीन उभं होतं. तात्या काठीनं दाखवत होते, "हितं... न्हाई, थोडं वर." दादी म्हणाली, "हितंच म्हन की. एवढं काय." चाचांनी चप्पल काढली आणि दुआ मागितली. अण्णा आणि तात्या शेजारी उभे राहिले. शेतमालक, तरुण माणूस, काय चाललंय ते विचारायला आला. तात्यांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो पाण्याची बाटली आमच्याजवळ ठेवून गेला.

परत येताना गाडीत चाचा म्हणाले, "घाल आता फिल्ममध्ये."

मी फिल्म पुन्हा बांधली. ज्यानं वडिलांना हाक मारली त्याचं नाव दादीनं शूटिंगमध्ये घेतलं होतं. चाचांनी ते काढायला सांगितलं. माझ्याही मनात तेच होतं. दादीला विचारलं तर म्हणाली, "काढ. त्याची नातवंडं काय तिथं आली नव्हती." नवी फिल्म पहिलीपेक्षा लांब झाली. शहरातल्या एका जाणकारांना आधीचीच जास्त नेटकी वाटली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती नेटकी होतीच.

तात्यांना फिल्म आवडली. गावातली दोन घरं मात्र त्यांच्याशी अजून नीट बोलत नाहीत. मी एकदा त्याबद्दल वाईट वाटतं म्हणाले, तर ते म्हणाले, "बोलतील. न्हाई बोलले तर न्हाई." आता मी कुठंही शूटिंगला गेले की चौकटीत आलेल्या माणसाला थांबू देते. कधी कधी तोच काय ते सांगतो, कधी नुसताच उभा राहून निघून जातो.

दादीनं पूर्ण फिल्म एकदाच पाहिली, खाटेवर आडवी होऊन, माझ्या लॅपटॉपवर. सुरुवातीला नळदुर्गचा किल्ला बराच वेळ दिसतो. तिथंच तिला डुलकी लागली. मी तिला उठवलं नाही. फिल्म संपता संपता तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "माझं बोलून झालं का?"

"झालं, दादी."

"बरं," ती म्हणाली, आणि कूस बदलली.