म्हशीच्या वाट्याचा कोंडा

कामशेतच्या भातगिरणीत दस्तगीर इंजिन चालवायचा आणि गिरणीच्याच मागच्या खोलीत बायको जाहिदासह राहायचा. खोली भिमाजीशेठची, गिरणीही भिमाजीशेठची. दस्तगीरचं स्वतःचं म्हणावं असं तोंड तेवढं होतं, आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी शेठनं तेही बंद केलं.

झालं असं की, बाळंतपणानंतर जाहिदाचे पाय बधिर झाले. चालताना पायातली चप्पल निसटली तरी तिला पत्ता लागेना. तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "तांदूळ कुठला खाता?"

"आमच्याच गिरणीचा, सायेब," दस्तगीर ऐटीत म्हणाला. "दोनदा काढलेला. पांढराशुभ्र!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दाण्यावरच्या तांबूस थरात जीवनसत्त्व असतं, गिरणी ते खरवडून काढते, आणि नुसता तसला भात खाल्ला की पाय लुळे पडतात, असं त्यांनी नीट समजावलं. जाहिदा शेजारणीकडचा हातसडीचा तांदूळ खाऊ लागली आणि दसऱ्यापर्यंत हिंडूफिरू लागली.

असलं काही पोटात ठेवायचा दस्तगीरचा स्वभावच नव्हता. येईल त्या बाईला तो सांगायचा, "मावशी, एकदाच काढू द्या. ताकद कोंड्यात असती. म्हशी बघा तुमच्या, कशा धडधाकट!" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण त्यातल्या काहींनी घरी पुन्हा मुसळ धरलं, तसा शेठचा पारा चढला.

"गिरणीत बसून गिरणीलाच नावं ठेवतोस? आधी बिऱ्हाड उचल, मग दे गावभर व्याख्यानं."

जाहिदाच्या कडेवर लेकरू होतं. बिऱ्हाड उचलून जायचं कुठं? दस्तगीर गप्प झाला.

अशात कस्तुराबाई भात घेऊन आली. मागून तिची सून झुंबरबाई भिंत धरधरून चालत होती. ओली बाळंतीण. ती पोत्यावर टेकली आणि पोटऱ्या चोळू लागली. दस्तगीरला आठवलं, जाहिदा अशीच बसायची.

तांदूळ पडला तसा कस्तुराबाईनं मूठभर तळहातावर चोळून पाहिला. "तांबडा हाय रं. परत घाल. बाळंतिणीला पांढराच पायजे."

शेठ गादीवरून बघत होते. दस्तगीरनं तांदूळ परत घातला. मग मजुरीत मिळालेला आपल्या वाट्याचा कोंडा त्यानं तिच्यापुढं ठेवला आणि आवाज दाबून म्हणाला, "मावशी, हा चाळून सुनंच्या भाकरीत घाला. तिचे पाय बघा."

"माज्या सुनंला आंबोण घालू?" कस्तुराबाई कडाडली. "आमी काय जनावरं हाय?"

कोंडा मात्र तिनं पदरात बांधून नेला.

महिन्याभरानं ती एकटीच आली. चेहरा उतरलेला, तरी दस्तगीरला बघून आपुलकीनं म्हणाली, "तुजा कोंडा लय गुणाचा रं. आमची म्हस बसली हुती, ती उटून हिंडाय लागली. सून मातर अजून उटंना."

दस्तगीर इंजिन सोडून पुढं आला. "मावशी, म्हस उटली, सून उटंना. आसं का, ह्याचा इचार करा की!"

शेठ खाकरले.

"इचार कसला? नशीब तिचं," कस्तुराबाईनं डोळे पुसले. "तू काढ तांदूळ. ह्या खेपंला तीनदा काढ बाबा, मऊ भात तरी जाईल तिच्या पोटात."

मागच्या खोलीत जाहिदा बाळाला जोजवत इकडून तिकडं चालत होती. तिची पावलं दस्तगीरला ऐकू येत होती. मग त्यानं इंजिनाचा पट्टा चढवला.