फुली कुठल्या डोळ्यावर?

मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क म्हणून चिकटलो, त्याचा चौथा दिवस. सत्तरच्या दशकातली गोष्ट... इंग्रजी माझं मीच गिरवून शिकलेलो.

डॉक्टरांचा केसपेपर वाचायचा, जाड पुस्तकातून रोगाचा नंबर शोधून रजिस्टरात लिहायचा आणि पेशंटच्या कार्डावर रोग, डोळा, औषध उतरवायचं. मोतीबिंदूचा नंबर वेगळा, काचबिंदूचा वेगळा, त्यातही पोटभेद... डोकं गरगरायचं.

डॉक्टर शब्द कमी लिहायचे. दोन डोळ्यांचे दोन गोल काढायचे आणि रोग असेल त्यावर फुली. सकाळी इस्लामपूरकडचे एक निवृत्त फौजी तात्या आले होते, त्यांची फुली डावीकडच्या गोलावर. मी कार्डावर लिहिलं, काचबिंदू, डावा डोळा, रोज थेंब.

दुपारी एक म्हातारी आली, उजव्या डोळ्याला पट्टी. कागदावर फुली मात्र डावीकडं... मी चक्रावलो. डॉक्टर चुकले म्हणायची छाती नव्हती, म्हणून सिस्टरांना गाठलं.

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. “डॉक्टर असे समोरून बघून काढतात. आता सांग, माझा उजवा डोळा तुझ्या कुठल्या हाताला?”

डाव्या... म्हणजे सकाळी तात्यांच्या कार्डावर मी भलताच डोळा लिहिला होता.

काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत नजर खातो. तात्यांना दोन्ही डोळे सारखेच वाटत होते. ते कार्डावरच भरवसा ठेवणार, थेंब चांगल्या डोळ्यात घालणार आणि उजवा विझत जाणार...

सायकल हाणत स्टँड गाठला. इस्लामपूरची गाडी लागलेली, तात्या आणि त्यांची बायको, काकी, खिडकीशी. हात जोडून चूक सांगितली.

“गड्या, पलटणीत डावं-उजवं चुकलं की पाठीत गुद्दा बसायचा,” तात्या म्हणाले.

“आवं, धाप लागलीया त्याला, आदी पाणी द्या,” काकी म्हणाल्या.

कार्ड दुरुस्त करायला पेन काढलं आणि खिडकीतल्या त्यांच्या तोंडाकडं बघून पुन्हा गोंधळलो. शेवटी गाडीत चढलो, तात्यांच्या शेजारी बसलो, दोघांची तोंडं ड्रायव्हरकडं. मी माझा उजवा डोळा झाकला, त्यांनी त्यांचा... मग लिहिलं.

काही महिन्यांनी तात्या तपासणीला आले. नजर होती तिथंच थांबली होती.

पुढं निवृत्त होईपर्यंत कार्ड देताना मी टेबलाला वळसा घालून पेशंटशेजारी जाऊन बसायचो. लोक हसायचे... सिस्टरांचे आभार मानायचे तेवढे राहून गेले, ते आज मानतो.