बंद गाडीतली सवय

आमच्या जळगावच्या कॉलनीत एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी बंद गाडीत कुत्र्याशेजारी बसलेले दिसायचे. गाडीच्या मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव होतं. गाडी मात्र जागची हलत नसे.

"कुठपर्यंत पोचलात, नाना?" मी एकदा विचारलं.

"याला गाडी लागते. सवय लावून राहिलो," ते म्हणाले. "पोराच्या फ्लॅटमध्ये मला जागा आहे, याला नाही. धुळ्याला लेकीकडे सोडायचाय."

पुढे इंजिन सुरू झालं, मग गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या. निघण्याआधी काही चारू नका, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांनी कसोशीनं पाळलं. कुत्रा ओकला की आधी सीट पुसायचे, मग आपल्या उपरण्यानं त्याचं तोंड. हळूहळू ओकणं थांबलं. कॉलनीनं त्यांचं अभिनंदन केलं. त्यांचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

धुळ्याहून ते एकटेच परतले आणि बराच वेळ गाडीत बसून राहिले. शेजारची सीट स्वच्छ होती.

"वाटेत त्रास झाला का त्याला?"

"नाही ना. निघताना मुद्दाम वाटीभर दही-साखर चारली होती. एकदा जरी ओकला असता, तर पारोळ्याहून परत आणला असता."